भिंत अजून ओली आहे

"मिस्त्री, स्पष्टच विचारतो. हा वास जाणार कधी?"

बिल्डर कंपनीच्या काशिवाबारासाहेबांनी नाकाला रुमाल लावला होता. रुमाल इस्त्रीचा, निळ्या किनारीचा. त्यांच्या मागे भाडेकरू कंपनीची चार माणसं उभी होती, आणि त्यातल्या बाईंनी गळ्यातला स्कार्फ पार डोळ्यांपर्यंत ओढला होता.

"भिंत वाळली की जाईल," मी म्हटलं.

"आणि वाळणार कधी?"

"वारा लागला की."

साहेबांनी वर बघितलं, मग आजूबाजूला बघितलं. तीन मजले उंच लॉबी, तिन्ही बाजूंना काच आणि त्या अख्ख्या काचेत उघडणारी खिडकी एकही नाही. चौथ्या बाजूला माझी भिंत. बारा मीटर लांब, दोन पुरुष उंच, काळपट, ओली, पेंढ्याच्या काड्या बाहेर डोकावणारी. इमारतीच्या माहितीपुस्तकात तिचा मोठा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'श्वास घेणारी भिंत'. श्वास घेणार कुठून, कपाळ माझं? एक्केचाळीस मजल्यांच्या बाटलीला बूच मारून ठेवलंय आणि म्हणे श्वास घे!

"गोठ्यासारखा वास येतोय हो," ते हळूच म्हणाले.

"गोठ्यापेक्षा वाईट येतो," मागून तामोत्सु म्हणाला. "गोठ्याला निदान दार असतं."

तामोत्सु माझा चिखल कालवणारा गडी. अठ्ठावीस वर्षं माझ्याबरोबर आहे आणि अठ्ठावीस वर्षं मी त्याला गप बस म्हणतोय.

मी योशिहारु नागाए. ओसाकात मातीचा गिलावा करतो. खरं तर करायचो. गेली वीस वर्षं कोणी नवी मातीची भिंत मागतच नव्हतं. सिमेंटच्या भेगा बुजव, बाथरूमच्या कोपऱ्यात थापी फिरव, असली कामं करून हाताची चव गेली होती. अशा वेळी काशिवाबारासाहेब माझ्या शेडवर आले. बरोबर खोका भरून मोची, म्हणजे तांदळाची गोड मिठाई, आणली होती. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

ही बिल्डिंग उभी राहिली त्या जागी आधी सात घरं होती. एकाला एक लागून, मध्ये सगळ्यांची मिळून एक विहीर, म्हणून आम्ही त्या बोळाला विहीरगल्ली म्हणायचो. सहा घरांनी कंपनीला होकार दिला. सातवं घर ओरिएकाकूंचं. वय चौऱ्याऐंशी, नवरा वारलेला, मुलगी लांब होक्काइडोला. काकू त्याच घरात जन्मल्या आणि त्याच घरात घरजावई आणून राहिल्या. महायुद्धातली बॉम्बची आग दोन बोळ अलीकडे थांबली होती, असं त्या प्रत्येकाला सांगायच्या. कंपनीची माणसं पाच वेळा गेली आणि पाचही वेळा काकूंनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं.

"आगीनं नेलं नाही, ते तुमच्या टाय लावलेल्या पोरांना देऊ होय?"

मग साहेबांनी शोधून काढलं की त्या घराच्या भिंती चाळीस वर्षं कोण लिंपतो. मोची खाऊन झाल्यावर ते मला म्हणाले, "मिस्त्री, आम्हाला घरं पाडायची आहेत, वारसा नाही पाडायचा. सातही घरांच्या भिंतींची माती आम्ही जपून ठेवू आणि टॉवरच्या लॉबीत तिचीच भिंत उभी करू. तुमच्या हातांनी."

मी भुललो. कबूल करतो ना. त्रेसष्टाव्या वर्षी कुणी बारा मीटरची मातीची भिंत देऊ केली तर काय करेल माणूस? दुसऱ्याच दिवशी मी काकूंकडे जाऊन बसलो.

"काकू, घर जाणार, पण भिंत राहणार."

"कोण करणार?"

"मीच."

"ती माणसं ऐन वेळी टांग मारतील."

"मी आहे ना."

"शब्द देतोस?"

"दिला."

काकू उठल्या, खणातून सहीच्या जागी मारायचा शिक्का काढला, लाल शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. दाबताना माझ्याकडे बघत होत्या. "कंपनीच्या कागदावर नाही हं, योशि. तुझ्या शब्दावर मारतेय."

तर तो शब्द असा त्या भिंतीत मिसळला होता.

मातीचं आमचं एक शास्त्र आहे. पडक्या भिंतीची माती टाकायची नसते. ती फोडायची, चाळायची, तिच्यात नवी माती आणि कापलेला पेंढा घालायचा आणि पाणी घालून खड्ड्यात मुरत ठेवायची. पेंढा कुजतो, चिकट होतो आणि माती धरून ठेवतो. जितकी मुरेल तितकी भिंत पक्की. माझा गुरू म्हणायचा, ज्या चिखलाचा वास शेजाऱ्याला येत नाही तो चिखल नव्हे. लोक तीन महिने मुरवतात. मी अकरा महिने मुरवला. दर महिन्याला खड्ड्यात उतरून पायांनी तुडवला. शेजारणीनं कपड्यांची दोरी दुसऱ्या बाजूला हलवली.

"अहो, लोणचं घातलंय का?" तामोत्सु म्हणायचा. "बास की आता."

"तू गप बस. ही भिंत दोनशे वर्षं टिकली पाहिजे."

चूक माझी तिथेच झाली. हे मी कुणापासून लपवत नाही. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे फटींचा कारभार. दाराखालून वारा, छपरातून वारा, फरशीखालून वारा. अशा घरात कितीही नासका चिखल थापा, पंधरा दिवसांत वाळतो आणि वास जातो. पंचेचाळीस वर्षांत बिनवाऱ्याच्या घरात मी कधी काम केलंच नव्हतं. टॉवरचे नकाशे मी बघितले, लांबी बघितली, उंची बघितली. खिडकी आहे का ते बघायचं डोक्यातच आलं नाही. खिडकी नसलेलं घर असतं हेच मुळी मला ठाऊक नव्हतं.

सप्टेंबरात काम सुरू केलं. बांबूच्या कामट्यांची जाळी बांधली आणि खालून वर लिंपत निघालो. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला गेटवर भांडण ऐकू आलं.

"आजी, इथे बसता येणार नाही."

"मग कुठे बसू? तुझ्या डोक्यावर?"

बाहेर जाऊन बघतो तर ओरिएकाकू! दोन बस बदलून आल्या होत्या. थर्मासमध्ये चहा, फडक्यात वाफवलेली रताळी. आमच्यात घरमालकानं कारागिरांना दहाला आणि तीनला चहा द्यायचा असतो. ज्याचं घर त्याचा चहा. मोठ्या साईटवर ती पद्धत केव्हाच गेली, तिथे नाणं टाकलं की मशीन चहाचा डबा फेकतं. पण काकूंच्या हिशेबी ही त्यांच्या घराची भिंत होती, म्हणजे मालकीण त्या.

गार्ड त्यांना आत सोडेना. मग त्या फुटपाथच्या कट्ट्यावर बसल्या आणि आम्ही दोघं बाहेर आलो. पुढे रोज असंच.

"कुठवर आली रे?"

"कंबरेपर्यंत."

"काल पण कंबरच म्हणालास."

"काल माझ्या. आज तामोत्सुच्या. तो उंच आहे."

काकू खदाखदा हसायच्या. आमच्या कपड्यांना चिखलाचा वास यायचा तर नाक जवळ आणून हुंगायच्या. "बाबा भिंत लिंपून घ्यायचे तेव्हा घरात हाच वास असायचा. आई ओरडायची, जेवण जात नाही म्हणून."

ऑक्टोबरच्या शेवटी भिंत पुरी झाली आणि मग ती वाळेचना. थंडगार एसी आणि गच्च बंद काच. दहा दिवसांनी वास होता त्याच्या दुप्पट झाला. वीस दिवसांनी खालच्या अंगाला पांढरी बुरशी धरली. आणि त्याच आठवड्यात ती स्कार्फवाली बाई आली.

मला तेविसाव्या मजल्यावर बोलावलं. लिफ्टच्या आत चारी बाजूंना काळं लाकूड होतं. मी बोट लावून बघितलं. गल्लीतल्या घरांचे वासे. कागदाएवढ्या पातळ पट्ट्या काढून प्लायवर डकवल्या होत्या. वर मीटिंगचं टेबल. त्यात काचेसारख्या रसायनात बुडवलेली एक अखंड तुळई, ओरिएकाकूंच्या स्वयंपाकघरातली. ऐंशी वर्षांची चुलीची काजळी तिच्यावर तशीच, आणि त्या काजळीवर साहेबांनी कॉफीचा कप ठेवलेला. मला शिसारी आली. मेलेल्या माणसाच्या छातीवर कप ठेवावा तसं वाटलं.

"काचेची चार तावदानं काढा," मी म्हटलं. "मोठे पंखे लावा. मला चाळीस दिवस द्या. वास राहिला तर माझं नाव बदला."

"चाळीस दिवस कुठले, मिस्त्री? पंचवीस तारखेला हवेची तपासणी आहे. हिरव्या इमारतीचं प्रमाणपत्र त्याच्यावर आहे. आतली हवा शुद्ध हवी."

"म्हणजे मातीनं हवा बाटली?"

"माती नाही हो. वास. आणि बुरशी." साहेब खरंच ओशाळले होते, तेवढं खोटं बोलणार नाही. "आम्ही मार्ग काढलाय."

त्यांनी टेबलावर एक तुकडा ठेवला. वहीएवढा. मातीचा रंग, पेंढ्याच्या काड्या, थापीचे फराटे. मी जवळ घेऊन निरखला. डावीकडून तिसऱ्या भागात माझं मनगट जरा घसरलं होतं, तो फराटा. माझाच. त्यांनी भिंतीचे फोटो काढून ते प्लॅस्टिकच्या पत्र्यावर छापले होते आणि वर उंचसखलपणा आणला होता.

"हात लावून बघा. अगदी खरी वाटते. आणि जुन्या बाटल्या वितळवून केलेली आहे. पर्यावरणाला पूरक."

"आणि खरी?"

"रविवारी निघेल."

"जाईल कुठे?"

"नियमाप्रमाणे. मुरलेला माल आहे, म्हणजे औद्योगिक कचऱ्यात धरतात."

मी तुकडा खाली ठेवला. "मग ती पितळी पाटी? तिच्यावर माझं नाव आहे. 'विहीरगल्लीच्या सात घरांच्या मातीतून.' ती तरी काढा."

"ओतून झालीय. प्रमाणपत्राच्या अर्जालाही जोडलीय." ते पुढे वाकले. "भावना तीच आहे ना, मिस्त्री? आणि विचार करा, त्या म्हाताऱ्या माणसांना काय वाटेल? की तुम्ही सांगणार आहात त्यांना?"

मी काय केलं? ओरडलो. ही भिंत नव्हे, ओकारी आहे असं म्हणालो. थापी आपटली, त्या काचेच्या टेबलावर साधा ओरखडासुद्धा उठला नाही. मग लिफ्टनं खाली आलो. एवढंच केलं.

"बडा घर पोकळ वासा," तामोत्सु म्हणाला. "आता वासाही नाही राहिला. नुसता वाशाचा फोटो."

पहिल्यांदा मी त्याला गप बस म्हटलं नाही.

तिथून मी सरळ गेटपाशी गेलो आणि कट्ट्यावर बसलेल्या काकूंना सांगितलं की भिंत आता नुसती वाळायची आहे, उगाच दोन बस करून येऊ नका. त्यांनी उरलेली रताळी तामोत्सुच्या हातात दिली, वाकून निरोप घेतला आणि गेल्या.

रविवारी मी साईटवर गेलो नाही. सोमवारी गेलो तेव्हा भिंतीच्या जागी कामट्यासुद्धा नव्हत्या. मागच्या गेटला पांढऱ्या पोत्यांची रास आणि प्रत्येकावर चिकटवलेली चिठ्ठी. एका फाटक्या पोत्यातून चिखल ओघळला होता आणि रस्त्याकडेला चढत्या उन्हात वाळत होता. मी वाकून हुंगला. वास गेला होता. एका सकाळीत.

काकूंना सांगायचं ठरवून मी दोनदा त्यांच्याकडे गेलो. सरकारी बिल्डिंग, नववा मजला, लोखंडी दार. पहिल्यांदा बेल न वाजवता परत आलो. दुसऱ्यांदा काकूंनीच दार उघडलं. आत भिंतीवर किमोनो टांगून ठेवला होता, राखी रंगाचा, उद्घाटनासाठी. ट्रंकेतला कापराचा वास जावा म्हणून. बाकीच्या सहा घरांना त्यांनी स्वतः फोन केले होते. कोण कुठल्या बसनं येणार ते कागदावर लिहून काढलं होतं.

"आपल्या गल्लीतला सलूनवाला चालायचा राहिलाय रे, त्याचा मुलगा चाकाच्या खुर्चीतून आणणार आहे. म्हणतो, भिंतीला हात लावून मग खुशाल मरेन." त्या हसल्या. "वाळली का?"

खोलीत खिडकी उघडी होती. पडदा हलत होता. सांगायला याहून चांगली वेळ आणि जागा मला मिळाली नसती.

"वाळतेय," मी म्हटलं.

तोवर मला त्या कंपनीची किळस येत होती. त्या दिवशी जिना उतरताना मला स्वतःची आली.

उद्घाटन डिसेंबरात झालं. मला कंपनीनं नवा निळा कारागिराचा अंगरखा दिला होता, पाठीवर टॉवरचं चिन्ह. जुने वासे तारांनी छताला लोंबकळत होते आणि त्यांच्यावर दिवे सोडले होते. विहिरीवर जाड काच, खाली हिरवा प्रकाश. बाया त्या काचेवर उंच टाचांनी उभ्या राहून फोटो काढत होत्या. आणि लॉबीभर एक मंद, गोडसर वास. साहेब पाहुण्यांना सांगत होते की भिंतीत यंत्र बसवलंय, दर वीस मिनिटांनी फवारतं. 'जुन्या घराचा सुगंध' असं त्याचं नाव.

गल्लीतली माणसं आली. अकरा जणं होती. ठेवणीतले कपडे, चकचकीत बूट, बिचकत पावलं टाकत होती. ओरिएकाकू सगळ्यांच्या पुढे. आत आल्याबरोबर त्यांना दोन सणसणीत शिंका आल्या.

"हा कसला वास?"

काकू भिंतीकडे चालत गेल्या. सलूनवाल्या आजोबांची खुर्चीही पुढे ढकलली गेली आणि काकूंच्या आधी त्यांचाच हात पोचला. आजोबांनी दोन्ही तळवे भिंतीला लावले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. "माझ्या दुकानाची माती! अरे, माझ्या दुकानाची माती!" मग बाकीचेही पुढे आले. कुणी गाल टेकवला. एका बाईनं हात जोडले.

काकूंनी उजवा तळवा लावला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग अंगठ्याच्या नखानं हलकेच खरवडलं आणि हात उलटा करून बघितला. मातीच्या भिंतीला हात लावला की तळव्यावर पीठ येतं. कितीही पक्की असो, थोडं येतंच. काकूंचा तळवा स्वच्छ होता.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"काकू, मी..."

"हळू बोल. माती कुठेय?"

"कचऱ्यात. खाडीत भर घालतात तिथे गेली."

"कधी?"

"महिना होत आला."

त्या मनातल्या मनात मोजत असाव्यात. "म्हणजे तू माझ्या दारात आलास, तेव्हा नव्हती."

"नव्हती."

"पडदा हलत होता, आठवतं मला. तू पडद्याकडे बघून बोललास."

मी सगळ्यांना ओरडून सांगतो म्हटलं. खरंच म्हटलं, तोंड उघडलंही होतं. काकूंनी माझ्या कोपराला धरून खाली दाबलं. चौऱ्याऐंशीच्या मानानं बोटांत जोर होता.

"त्याला घरी जायचंय रे," सलूनवाल्याकडे बघून त्या म्हणाल्या. "जाऊ दे असाच."

तेवढ्यात आजोबांनी डोळे पुसत विचारलं, "ओरिए, कशी झालीय गं?"

"छान बसलीय," काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "हात चांगला आहे त्याचा."

मग त्या माझ्याकडे वळल्या, दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि काम संपल्यावर घरमालकीण वाकते तशा पार कंबरेतून वाकल्या. "फार मेहनत घेतलीत, मिस्त्री. उपकार झाले."

चाळीस वर्षांत त्यांनी मला कधी मिस्त्री म्हटलं नव्हतं. मीही वाकलो. वर यायला मला बराच वेळ लागला.

काशिवाबारासाहेब लगबगीनं आले. फार खूश होते. त्यांनी फोटोवाल्याला बोलावलं, सगळ्यांना भिंतीसमोर ओळीत उभं केलं आणि मला खांद्याला धरून पितळी पाटीखाली सारलं. "मिस्त्री मध्ये हवेत."

"मावत नाहीये," फोटोवाला म्हणाला. "सगळ्यांनी मागे सरका. टेका, टेका भिंतीला, काही होत नाही."

सगळे मागे सरकले. अकरा म्हाताऱ्या पाठी भिंतीला टेकल्या, नाही, दहा.

"आजी, तुम्ही पण. थोडं मागे."

"इथेच बरी आहे मी," काकू म्हणाल्या. राखी किमोनोच्या बाह्यांत त्यांनी दोन्ही हात आत घेतले होते.

फोटोवाल्यानं आणखी एकदा सांगितलं, मग नाद सोडला आणि फोटो काढला. काकूंच्या पाठीत आणि भिंतीत वीतभर अंतर होतं. मी त्यांच्या शेजारी उभा होतो, माझ्या नावाच्या पाटीखाली, भिंतीला टेकून.